तांब्याचा चंद्र

साळुंखेनं रोव्हर थांबवली, पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं आणि चंद्रावरच्याच तळावर बसलेल्या सुनेत्राला ओरडून सांगितलं, “मॅडम, खड्डा खड्ड्यासारखा दिसतोय!”

सुनेत्रा पोटफोडेचा जीव भांड्यात पडला.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर सूर्य डोक्यावर येतच नाही. तो क्षितिजाला धरून फिरतो, आणि सावल्याही त्याच्याबरोबर फिरतात. जुन्या नकाशात मात्र सावल्या कायमच्या एका बाजूला रंगवलेल्या. मागच्या महिन्यात त्या नकाशाच्या भरवशावर साळुंखे एका उंचवट्यावर चढायला गेला होता. तो उंचवटा नव्हता, खोल खड्डा होता. थोडक्यात वाचला.

नवा नकाशा करताना सुनेत्राला पुण्याच्या तांबट आळीतले आपले अण्णा आठवले. हातोडीनं ठोके देत हंडा मठारून झाला, की ते तो दिव्यासमोर फिरवत. फिरत्या उजेडात एकेक ठोका उठून दिसे. तिनं नकाशातल्या सावल्या तशाच सूर्याबरोबर फिरत्या ठेवल्या आणि जमिनीला चक्क तांब्याचा रंग दिला. “चंद्र कधी तांबडा असतो का?” म्हणत वरिष्ठांनी नाकं मुरडली. पण करड्या मातीला विटलेले चालक त्या नकाशावरून नजर काढेनात.

संध्याकाळी तिनं अण्णांना फोन लावून नकाशा दाखवला. त्यांनी सवयीनं फोन तिरपा धरला, तसं तिच्या पडद्यावर दुकानाचं छत कलंडलं.

मग आळीकडे तोंड करून मारलेली त्यांची हाक ऐकू आली.

“अरे, हातोड्या ठेवा नि इकडे या! आमच्या सुनीनं चंद्र मठारलाय!”