टाळ्या थांबेपर्यंत

संध्याकाळी सव्वासातला नामवंत पियानोवादकाने शेवटचा सूर सोडला आणि सभागृह उभं राहिलं. तिसऱ्या रांगेतली बाई दचकून जागी झाली आणि सगळ्यांहून जोरात टाळ्या पिटू लागली.

शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त मास्तर दर मैफलीला तिला पाहत आले होते. "डोळे मिटून ऐकता, ताई. कान तयार आहे तुमचा."

"आहेच. सासऱ्यांचा श्वास अडखळला तरी भिंतीपलीकडून ऐकू येतो. वर्षभर रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"आणि इथे?"

"इथे कुणी हाक मारत नाही. ढाराढूर झोपते."

पियानोवादक वाकून नमस्कार करून विंगेकडे वळला. "वन्स मोअर!" ती ओरडली.

मास्तरांना हसू फुटलं. "झोपायला येता, मग वन्स मोअर कशाला?"

"नणंदबाईंनी बजावलंय, कार्यक्रम संपेपर्यंतच बाबांपाशी बसेन. वर एक मिनिट नाही."

मास्तरांनी काठी काखेत मारली आणि तेही ओरडले, "वन्स मोअर!"

पियानोवादक परत फिरला, स्टूल पुढे ओढून बसला. सभागृह चिडीचूप झालं. तिने मान मागे टेकली. तेवढ्यात मांडीवरच्या पर्समध्ये आवाज बंद केलेला मोबाइल थरथरला. नणंदबाई मध्येच कधी फोन करत नसत. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली. पियानोचा पहिला सूर उमटला तेव्हा तिचा हात पर्सच्या चेनवर होता.