तिसरी चिठ्ठी

"तेराव्या ठोक्याला सुटलं," बाल्त्सर म्हणाला आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

पहाटे त्याने उत्तरेच्या उतारावर खड्डा खणला होता. बर्फाचा चौकोनी खांब कापून, त्यावर फावडे उपडे ठेवून, हाताने एकेक ठोका दिला होता. तेराव्या ठोक्याला वरचा पाऊण मीटरचा थर झाकणासारखा सरकून खाली आला. त्याच्याखालचे जुने बर्फ साखरेसारखे मोकळे होते. त्या पायावर काहीही उभे राहणार नव्हते.

हिमकडे कोसळण्याचा धोका पाहून उतार उघडायचे की बंद ठेवायचे हे ठरवणारी हिमकडा समिती रोपवेच्या यंत्रघरात बसली होती. माणसे तीनच. बाल्त्सर समितीचा अध्यक्ष. अठ्ठावीस वर्षे रोपवेची यंत्रे त्याच्याच हाती होती. ऊर्सिना स्की-शाळेची प्रमुख. आणि कुर्दिन, गावातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलचा मालक, समितीत याच हिवाळ्यात आलेला. बाहेर लख्ख ऊन पडले होते. पाच दिवसांच्या वादळात कोंडले गेलेले पाहुणे खांद्यावर स्की घेऊन रांगेत उभे होते.

"काका, तुमचे ठोके मोजत बसलो तर उन्हाळा उजाडेल," कुर्दिन म्हणाला. "लोकांनी पाच दिवस वितळलेलं चीज खाल्लं, पत्ते झिजवले. आज बंद म्हटलं तर माझंच मुटकुळं करून दरीत सोडतील."

"मी काय लिहिणार ते रिवाजाप्रमाणे सांगत नाही," ऊर्सिना हसत म्हणाली. "पण एवढं ऊन वाया घालवणं पाप आहे बाई!"

रिवाज जुना होता. प्रत्येकाने चिठ्ठीवर 'उघडा' किंवा 'बंद' एवढेच लिहायचे. बहुमत जाहीर होई आणि चिठ्ठ्या शेगडीत जात. कोणी काय लिहिले, हे मरेपर्यंत बोलायचे नाही. एवढ्याशा गावात एरवी एकमेकांची तोंडे पाहणे अवघड झाले असते. उतार उघडायचे ठरले, तर समितीतल्या एकाने पाळीप्रमाणे सर्वांआधी एकट्याने उतरायचे. सोळा वर्षांपूर्वी ती पाळी कुर्दिनच्या वडिलांची, फ्लुरिनची होती. दोन दिवसांनी त्याला बर्फाखालून काढले.

बाल्त्सरने मनाशी हिशोब केला. ऊर्सिनाचे 'उघडा'. त्याचे स्वतःचे 'बंद'. निकाल कुर्दिनच्या पेन्सिलीवर होता. आणि आजची पाळीही कुर्दिनचीच होती.

"बाबांनी त्या दिवशी 'उघडा'च लिहिलं असणार," कुर्दिनने चिठ्ठी पुढे ओढली. "म्हणून तर छाती काढून पहिले गेले. डोंगराला भिणारा माणूस नव्हता तो. त्यांचा मुलगा इथे बसून ठोके मोजणार होय?"

पेन्सिल कागदाला टेकली.

"नाही," बाल्त्सर म्हणाला. "त्यानं 'बंद' लिहिलं होतं."

"बाल्त्सर!" ऊर्सिना ओरडली. "हे बोलायचं नसतं!"

"आज बोलतो. 'बंद' म्हणणारा तो एकटाच होता. आम्ही दोघांनी त्याला हरवलं. पाळी त्याची होती. वाद न घालता त्यानं स्की बांधल्या नि गेला."

कुर्दिनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने पेन्सिल कागदावरून उचलली.

"सोळा वर्षं," तो म्हणाला, "दर रविवारी तुम्ही आमच्याकडे येऊन माझ्या आईच्या हातची कॉफी पीत होतात."

"होय."

"यापुढे उंबऱ्याला पाय लावू नका."

त्याने चिठ्ठीवर लिहिले, घडी घातली, टेबलावर आपटली आणि पाहुण्यांना नकार सांगायला बाहेर निघून गेला. ऊर्सिनाही आपली चिठ्ठी टेबलावर टाकून उठली. बाल्त्सरकडे न पाहता ती दारातून गेली.

बाल्त्सरने चिठ्ठ्या उलगडल्या. दोन 'बंद', एक 'उघडा'. सोळा वर्षांपूर्वी याच टेबलावर 'बंद' अशी एकच चिठ्ठी निघाली होती, आणि ती फ्लुरिनची नव्हती, बाल्त्सरची होती.