टिकलीभोवतीचं रिंगण

सुनंदाच्या रक्तातले जंतू कोणत्या औषधाने मरतील, हे सांगायला हाशमला तीन दिवस लागणार होते. बाळंत होऊन आठवडा झालेली पोर, तापाने नुसती फणफणलेली. तिच्याकडे तीन दिवस होते कुठे?

धुळ्याच्या त्या लहानशा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हाशम एकटाच. रीत अशी, की रक्त रात्रभर बाटलीत ठेवायचं, मग काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मग दुसऱ्या बशीत त्यांच्यावर पेनिसिलीनची कागदी टिकली ठेवायची. औषध लागू पडलं, तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उरतं. हाशमने मधली बशी गाळली, बाटलीतलं रक्त थेट टिकलीच्या बशीत लावलं. डॉक्टर चिडले, घाई अंगाशी येईल म्हणाले. येऊ दे, हाशम म्हणाला.

एक अख्खा दिवस वाचला. बशीत रिंगण नव्हतं. जंतू पार टिकलीला भिडले होते. इतके दिवस टोचलेलं पेनिसिलीन वाया. कपाटात कुलपात मुंबईहून आणलेलं नवं औषध होतं, जेमतेम एका रोग्यापुरतं. डॉक्टरांनी ते सगळं सुनंदाला दिलं. ताप उतरला, त्यांनी हाशमची पाठ थोपटली. खोटं कशाला बोला, त्यालाही बरं वाटलं.

पण असले मुजोर जंतू आले कुठून? त्याच दुपारी बाळंतिणींच्या खोलीतली दाई यशोदाबाई त्याला चहा द्यायला आली. बोटाला हळदीची चिंधी. दोन महिने नखुरडं होतं म्हणे. ठणका लागला की कंपाउंडरकडून पेनिसिलीनची एक सुई, ठणका थांबला की बंद. अशा अर्धवट सुयांनीच जंतू मुजोर होतात. डॉक्टरांना कळलं, तर ते पोरांना हात लावू देणार नाहीत, म्हणून लपवलेलं.

हाशमने तिथेच पू घेऊन बशीत लावला, वर टिकली ठेवली. पोरांना शिवू नका, असं बजावलं. डॉक्टरांना मात्र सांगितलं नाही. उगीच म्हातारीची नोकरी जायची. उद्या बशी बघू, मग सांगू.

सकाळी बशीत रिंगण नव्हतं.

तो धावतच खोलीत गेला. यशोदाबाई पाय लांब करून, नडग्यांवर पोर घेऊन बसली होती. चिंधी शेजारी सोडून ठेवलेली.

"अक्का, आज कुणाकुणाला आंघोळ घातली?"

"बठ्ठासले, भाऊ. चिंधी काढी टाकी मी, पोरेसले नको लागाले."

सगळ्यांना. खोलीत अकरा पाळणे होते. औषधाच्या रिकाम्या कपाटाला आता कुलूपही नव्हतं.