कलिंगच्या राजकन्येची तसबीर

“हो फोटो चौकटीत घाल. आणि कोणाक सांगू नको,” सत्यवान गणपतला म्हणाला.

गणपतने फोटो उजेडात धरला. सत्यवानची मुलगी जानकी, मालवणच्या स्टुडिओत, मागे ताजमहालाचा पडदा.

“माका दूताचा काम दिलंस, काय मध्यस्थाचा?”

“दोनय कर.”

देशातली संस्थानं विलीन होऊन दहाएक वर्षं झाली होती, पण या गावात दोन राजे अजून शाबूत होते. दशावतारात सत्यवान कलिंगचा राजा व्हायचा आणि त्याचा शेजारी भाई सौराष्ट्राचा. राज्यं दूरदूरची, वैर जुनं. मग कलिंगचा दूत राजकन्येची तसबीर घेऊन सौराष्ट्राला जायचा. तिकडच्या राजाला ती सून म्हणून पसंत पडली की युद्ध टळायचं. चौकटीत एरवी कसलं तरी जुनं चित्र असे. प्रेक्षकांकडे तिची पाठ असायची, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

तोंडावरचा रंग उतरला की मात्र हे दोघे एकमेकांशी बोलत नसत. बांधावरच्या एका फणसावरून बिनसलं ते बिनसलंच. फणस वठला, त्याची लाकडं चुलीत गेली, पण यांचा अबोला काही सुटेना. काय म्हणावं या माणसांना.

आणि जानकीचं मन बसलं होतं नेमकं भाईच्या सदानंदावर. येत्या रविवारी तिला बघायला कसालहून पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं होतं, पण पोरगी नीट जेवत नव्हती, आणि बापाला ते बघवत नव्हतं. भाईच्या दारात जायचं तो रोज ठरवायचा आणि रोज बांधावरून परत यायचा.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. उभं राहायचं आणि सुचेल ते बोलायचं. देवळासमोर बोललेला शब्द भाई मोडणार नाही, हे सत्यवानला ठाऊक होतं.

नाटक सुरू झालं. दूत झालेला गणपत चौकट घेऊन मंचावर गेला आणि सत्यवान पडद्याआडून बघत राहिला. भाईने तसबीर हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिला. पेटीवाल्याने दोनदा सूर धरला, तरी त्याची नजर हलेना. आता हा चौकट आपटतो की काय, म्हणून सत्यवानने पडदा बाजूला सारून एक पाऊल पुढे टाकलं.

“दूता,” भाई शेवटी म्हणाला, “ही कन्या आम्हांस परकी नाही. लहानपणी आमच्याच खांद्यावर बसून हिने पालखी पाहिली आहे. आमचे युवराज हिच्यावाचून दुसरीचं नाव घेत नाहीत. आम्हालाच विचारायला तोंड नव्हतं. तुझ्या राजाला सांग, ही आमची सून. देवासमोर सांगतो.”

असलं काही या नाटकात कधी नव्हतं. बायकांत बसलेल्या जानकीने तोंड ओंजळीत लपवलं. सत्यवान आपली वेळ यायच्या आधीच मंचावर धावला, आणि दोन राजांनी अशी मिठी मारली की सौराष्ट्राचा मुकुट खाली पडला. दोघेही रडत होते.

आत आल्यावर सत्यवानने गणपतचे हात धरले. “तुझे उपकार फिटाचे नाय रे. तू फोटो घातलंस, म्हणान माझ्या पोरीचा बरा झाला.”

गणपतने ओशाळून जानकीचा फोटो त्याच्या हातात परत ठेवला.

“माका शिव्या घालू नको. खिळे गंजलेले, चौकट उघडूकच नाय. भाईच्या हातात मोराचा चित्र होता.”