मीनलच्या नावाचं कार्ड

"मीनल खापरे का घर यही है?"

"हाँ. मैं ही मीनल."

दारातला पोलीस शिपाई गोंधळला. त्याने हातातल्या मोबाईलमधला फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. आधार कार्डावरचा फोटो काय, कोणाचाही वाटतो. पण नाव, वय, चौबे कॉलोनीतला पत्ता, सगळं बरोबर होतं. "घर में कोई बड़ा है?" त्याने विचारलं.

मीनलचे वडील दिवाकरराव बाहेर आले, मागून आई मंदाकिनीबाई. शिपायाने खुर्चीवर बसून आधी पाणी मागितलं, मग सांगितलं. दुपारी तेलीबांध्याला एका क्लबमध्ये आग लागली होती. तिसऱ्या मजल्यावर कॉलेजच्या मुलांची पार्टी होती. केकवरच्या फुलझडीने छताचा फोम पेटला. अकरा मुलं गेली. त्यातल्या एका मुलीच्या जीन्सच्या खिशात हे कार्ड सापडलं.

"मैं तो बताने आया था," तो म्हणाला, "कि आपकी बेटी नहीं रही."

मंदाकिनीबाईंनी मीनलला असं घट्ट धरलं, की तिला श्वास घेता येईना. तिला तसाही तो येत नव्हता. सकाळी शेजारच्या पिंकीने हे कार्ड मागून नेलं होतं. मीनल बावीसची, पिंकी एकोणीसची. एकवीसच्या खालच्याला आत घ्यायचं नाही, हा एक नियम त्या क्लबवाल्यांनी मोठ्या इमानाने पाळला होता. गेटवर एकेकाचं कार्ड तपासलं होतं, शिपाई सांगत होता. मागच्या जिन्याच्या दाराला साखळी घातली होती, फुकटे शिरू नयेत म्हणून. ती तपासायला मात्र कोणी गेलं नव्हतं, ना क्लबचं, ना सरकारचं.

"कार्ड देखा, और ताला नहीं देखा किसी ने?" दिवाकरराव कडाडले. शिपाई खाली बघत म्हणाला, "सब वहीं पड़े थे सर, उसी दरवाज़े के पास."

रडारड ऐकून अंजनाबाई धावत आली. पिंकीची आई. काय झालं ते ऐकताच आल्या पावली परत गेली आणि मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली.

"उभी राय बरं अशी," ती मीनलला म्हणाली. "पह्यले नजर उतरवू दे. अन् रडून काहून राहिली व मंदा? मेल्याची खोटी बातमी आली का माणसाचं आयुष्य वाढते. शंभर वर्सं जगते आता तुही पोट्टी."

अंजनाबाईची मूठ मीनलच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरत होती. मीनलने ओढणीआड मोबाईल धरून पिंकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कार्ड पडलं असेल, दुसऱ्या कोणी उचललं असेल, असं तिने मनाला सांगून पाहिलं. पण कार्ड जीन्सच्या खिशात सापडलं होतं, आणि सकाळी पिंकीने ते मीनलच्याच जीन्सच्या खिशात घातलं होतं. पिंकीने ती इथेच घातली होती, आणि तिची सलवार-कमीज आत पलंगावर घडी करून ठेवलेली होती. "मायले सांग ना दीदी, कोचिंगमध्ये टेस्ट हाय म्हणून. तुमपे भरोसा करती है," ती निघताना म्हणाली होती. आणि मीनलने ते जाऊन सांगितलंही होतं.

"तो फिर आपका कार्ड किसके पास था?" शिपायाने वही उघडली.

मीनलने तोंड उघडलं. ती काही बोलायच्या आत दिवाकररावच मंदाकिनीबाईंकडे वळून बोलले, "दिवाळीत गोल बाज़ारात हिची पर्स चोरी गेली होती ना! त्यातलंच असेल."

"हव साहेब, मी होती न् तिच्यासंगं," अंजनाबाई म्हणाली. "गवाही देतो मी. अन् जीन्स म्हनता ना? मीनल कधी बाहेर जीन्स घालून जातच नाही. आमच्या पोट्ट्या तशा नाहीत."

सगळ्यांच्या जिवात जीव आला होता. मंदाकिनीबाई डोळे पुसत शिपायासाठी चहा ठेवायला निघाल्या. मीनल भिंतीला टेकून उभी राहिली. आपण बोललो नाही तोवर पिंकी जिवंत आहे, असं तिला वाटत होतं. मूर्खपणा होता तो, तिला कळत होतं.

"ठीक है," शिपायाने पेनाचं टोपण काढलं. "फिर अज्ञात में डाल देता हूँ. मर्च्युरी में रहेगी. दो-तीन दिन में कोई नहीं आया, तो नगर निगमवाले ले जाएँगे."

"अज्ञात म्हंजे?" अंजनाबाईने विचारलं.

"बेवारस," दिवाकरराव म्हणाले.

नजर उतरवणारा अंजनाबाईचा हात थांबला. "असं कसं बेवारस, दादा?" तिचा आवाज एकदम ओला झाला. "कोनाची तरी असंलच ना ती. तिची माय वाट पाहून राहिली असंल घरी."

शिपायाने 'अ' लिहिला.

"रुको भैया," मीनल म्हणाली. मोठ्याने म्हणाली. शिपायाने वर पाहिलं. मीनलचा चेहरा पाहिला, तिची नजर कुणावर खिळली आहे ते पाहिलं, आणि वही मिटून तो हळूच खुर्चीवरून उठला.

मीनलने अंजनाबाईचा हात धरला. मिठाची मूठ अजून आवळलेलीच होती.

"मावशी, तुम्ही आधी बसा."

"मी काहून बसू व?" अंजनाबाई हसली. "मले काय झालं?"