सड्यावरचे बेडूक

विद्यापीठाच्या तरुण संशोधकांच्या युवा अकादमीसाठी मुलाखत द्यायला रेवती धोत्रे आत शिरली आणि दारातच थबकली. निवड समितीत प्राध्यापक टिपणीस बसले होते. कोकणातल्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, बेडकाची एक नवी जात त्यांनी तरुणपणी शोधून काढली होती. ती एक जात नाही, दोन आहेत, असं रेवतीने गेल्याच वर्षी छापून आणलं होतं.

‘झालं आपलं कल्याण!’ ती मनाशी म्हणाली.

बाकीच्यांचे प्रश्न संपले. टिपणिसांनी मान वर केली.

"माझं चुकलं, असं तुम्ही लिहिलंय. आजही तेच म्हणणं आहे?"

काहीतरी गुळमुळीत बोलून सुटावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण ते बेडूक तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"हो, सर. दोन्ही जातींचं ओरडणं वेगळं आहे."

"तुमचं म्हणणं खोडून काढायला मी अख्खा पावसाळा सड्यावर घालवला," ते म्हणाले. "नाही जमलं. अध्यक्षमहाशय, माझं मत धोत्रेबाईंना."

रेवतीच्या जिवात जीव आला.

"पण यंदा मला सोबत न्यायचं हं," टिपणीस हसले.

"नेईन की, सर! फक्त बूट चांगले घाला. सडा फार निसरडा असतो."