बटणाचा दोरा

धाकटीने मखमली डबी उघडून काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

दोघी जावांचे मोतीबिंदू एकाच आठवड्यात निघाले होते. डोळाही दोघींचा उजवाच. फरक एवढाच की धाकटीचा खासगी दवाखान्यात आणि थोरलीचा सरकारी. आज चौथ्या दिवशी थोरली लेकाला घेऊन जावेची विचारपूस करायला आली होती. भर दुपारी बैठकीच्या खोलीत काळे चष्मे लावून दोघी समोरासमोर बसल्या होत्या, जशा काही कुणाच्या पाळतीवर आल्या आहेत. थोरलीच्या चष्म्याला डबी नव्हती. सगळ्यांना मिळतो तोच, एका मापाचा. नाकावरून घसरायचा, म्हणून लेकाने मागून नाडी बांधून दिली होती.

"आमच्याकडे दारातच रंगीत माशांची मोठी काचेची पेटी," धाकटी सांगत होती. "भिंगं पुस्तकात दाखवली, कापडाचे नमुने दाखवतात तशी. आणि घरी आल्यावरही विसरत नाहीत बरं का. दिवसातून तीनदा फोन येतो. औषधाचा थेंब घातला असेल तर एक दाबा, दिसत असेल तर दोन दाबा."

"आम्हाला कसलं पुस्तक," थोरली म्हणाली. "तीसजणी ओळीत. कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि डोळ्याकडे बाण. फडताळातल्या बरणीवर लिहितात ना, तसं."

धाकटी हसली. दाराशी उभा असलेला थोरलीचा लेकही हसला. तो त्याच सरकारी दवाखान्यात कामाला होता, शस्त्रक्रियेचे चिमटे-कात्र्या वाफेवर निर्जंतुक करायचा.

"भिंग सारखंच असतं काकू," तो म्हणाला. "आणि आमचे डॉक्टर दिवसाला वीस डोळे करतात. हात बसलेला असतो."

"बसलेला हात कंटाळलेलाही असतो रे बाबा. शेवटी फुकट ते फुकट." धाकटीने चष्मा नीट केला. "माझ्या लेकाने मला रांगेत नाही उभं केलं हो."

हे वाक्य थोरलीच्या जिव्हारी लागलं, कारण चार दिवस ती स्वतःच ते मनात घोळवत होती. देव देताना हात आखडत नाही, दोघींना एकेक लेक दिला. पण एकीच्या लेकाने आईला माशांच्या पेटीपाशी नेलं आणि दुसरीच्याने पहाटे उठून सरकारी दवाखान्याची चिठ्ठी काढली.

"ते कॅलेंडर वाचून दाखवा बघू, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मला खालची बारीक अक्षरंसुद्धा दिसतात."

थोरलीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तारखा दिसल्या. बारीक अक्षरं दिसली. कॅलेंडरच्या खिळ्यावर बसलेली माशी पाय चोळत होती, तीही दिसली. पण सारखंच दिसलं तर रुसायचं कशावर?

"धूसर दिसतं बाई," ती म्हणाली.

लेकाचं हसू मावळलं. तो दारातून आत आला. "सकाळी तर नीट दिसत होतं ना?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं."

"तरी मी म्हणतच होते," धाकटी पुटपुटली.

लेकाने आईसमोर दोन बोटं धरली. "किती?"

"तीन."

त्याने हात खाली घेतला. मग गुडघे टेकून तिच्यासमोर बसला, नाडीची गाठ सोडली, चष्मा काढून बाजूला ठेवला.

"दुखतंय? पाणी येतंय? खरं सांग, आई." त्याचा आवाज बारीक झाला होता. "आत्ताच्या आत्ता निघू. आमच्याकडे नको. काकूंच्या दवाखान्यात नेतो तुला. चुकलंच माझं."

हेच ऐकायचं होतं तिला. चार दिवस याचसाठी जीव तळमळत होता, आणि ते जावेसमोरच ऐकायला मिळालं. आता समाधान वाटायला हवं होतं.

लेकाचा चेहरा हातभर अंतरावर होता. दोन वर्षांत तिने तो इतका स्वच्छ पाहिलाच नव्हता. कानशिलं पांढरी झाली होती. मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग होता. मग तिची नजर त्याच्या शर्टावर आली. शर्ट निळा होता, चांगला लख्ख निळा. त्याची पाच बटणं निळ्या दोऱ्याने लावलेली होती. सहावं, छातीवरचं, पोपटी हिरव्या दोऱ्याने.

"हे बटण हिरव्या दोऱ्याने कुणी रे लावलं?" ती बोलून गेली.

धाकटीने एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे.

लेकाने मान खाली घालून बटण पाहिलं. "तूच लावलंस. गेल्या वर्षी."

"आणि तू हेच घालून फिरतोस? कामावरसुद्धा? सांगितलं का नाहीस?"

"घट्ट बसलंय की," तो म्हणाला. डोळे पुसत त्याने पुन्हा बोटं वर केली. "किती?"

"दोन," थोरली म्हणाली. तिने त्याची दोन्ही बोटं मुठीत धरली आणि सोडली नाहीत.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, ऐकून घेतलं, दोनचा आकडा दाबला आणि फोन मांडीवर ठेवला. थोरलीच्या मुठीकडे ती बराच वेळ पाहत होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मला कुणी अजून बोटं दाखवली नाहीत हो."